अठरावं वजन

आमच्या घरात वाकडा खिळा फेकला जात नसे. बाबा नाटकाचा सेट सोडवून आले की पिशवीतले मूठभर वाकडे खिळे जुन्या डालड्याच्या डब्यात ओतत, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर दारातल्या दगडावर ते ठोकून सरळ करायचं काम माझं असे. मुलुंडच्या आमच्या चाळीत कुणाच्या घरातून रेडिओ ऐकू यायचा, कुणाच्या घरातून भांडण, आणि आमच्या घरातून टक, टक, टक. शेजारच्या काकू म्हणायच्या, "कुंदे, तुझ्या लग्नात बँडच्या ऐवजी हेच वाजवूया." गंमत म्हणजे हे सरळ केलेले खिळे बाबा भाराच्या कामाला कधीच वापरत नसत. खोट्या भिंतीवर खोटं कॅलेंडर टांगायचं, एवढ्यापुरतेच ते चालत. "एकदा वाकललो खिळो परत वाकता," असं ते म्हणत. मग एवढी ठोकाठोक कशाला, असं मी वैतागून विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "हाताक कळाक व्हया." माझ्या हाताला काय कळायचं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अंगठा मात्र सारखा काळानिळा असायचा आणि मैत्रिणींसमोर मला त्याची लाज वाटायची.

बाबा मूळचे गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर गाववाल्यांच्या ओळखीने ते नाटकांचे सेट लावायला लागले. प्रेक्षकांना पुढून जो दिवाणखाना दिसतो तो मागून म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटींची रांग असते. या चौकटींना फ्लॅट म्हणतात. मी लहानपणी पहिल्यांदा मागे जाऊन ते पाहिलं तेव्हा मला धक्काच बसला होता. पुढे एवढं श्रीमंताचं घर, आणि मागे काय, तर काठ्या आणि दोऱ्या! प्रत्येक फ्लॅटला मागून तिरका लाकडी टेकू दोरीने बांधलेला असतो. हॉलवाले रंगमंचाच्या फळ्यांना खिळा मारू देत नसत, म्हणून टेकूच्या पायावर लोखंडी वजनं ठेवायची. धान्याच्या दुकानात असतात तशीच, वर धरायला कडी असलेली, पण उचलताना कंबर धरेल एवढी जड. आमच्या सेटला नऊ टेकू होते आणि एका टेकूला दोन वजनं, म्हणजे एकूण अठरा.

सेट उभा राहिला की बाबा मागून एक फेरी मारायचे. प्रत्येक वजनाला हात लावायचा, प्रत्येक गाठ बोटाने चाचपायची आणि तोंडाने पुटपुटत आकडा म्हणायचा. दुसऱ्या कुणी वजनं लावली असली तरी, आणि स्वतः लावली असली तरी. ते झाल्याशिवाय नटांना सेटवर पाऊल ठेवू देत नसत. नाटकाचे मॅनेजर चेष्टा करायचे, "काय हो, जप झाला का तुमचा?" बाबा हसायचे, पण फेरी सोडायचे नाहीत. गिरणीत त्यांच्या जोडीदाराचा हात कोपरापासून गेला होता. 'मशीन बंद आहे' असं कुणीतरी त्याला ओरडून सांगितलं, आणि त्याने आत हात घातला. मशीन बंद नव्हतं. तेव्हापासून बाबांचं एकच वाक्य होतं. "कानान मोजू नये, हातान मोजूचा." आम्ही हे इतक्या वेळा ऐकलं होतं की आईने डाळ निवडायला बसवलं तरी मी तिला तेच ऐकवत असे.

आज मी स्वतः अंधेरी-बोरिवलीकडच्या मोठ्या कार्यक्रमांचे स्टेज तपासते. आता काठ्यादोऱ्या गेल्या. लोखंडी सांगाडे, डोक्यावर टांगलेले दिवे, भिंतीएवढे पडदे आले. पोरं हेल्मेट घालतात, पट्टे बांधतात, चांगली शिकलेली असतात. मी गेले की लांबूनच ओरडतात, "मॅडम, सगळं डन आहे!" मी म्हणते, "ते कानाला कळलं रे, हाताला कळू दे," आणि चढते. पाठीमागे माझं नाव त्यांनी 'हातलावी मावशी' ठेवलंय, हे मला माहीत आहे. ठेवू देत. हे नाव मी काय देऊन मिळवलंय ते त्यांना माहीत नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

खंडेनवमीला आमच्याकडे पुस्तकांपेक्षा अवजारांचा थाट जास्त. हातोड्या, करवती, पकडी, दोऱ्यांची वेटोळी आणि ती अठरा वजनं टेम्पोतून घरी यायची. आई त्यांना चिंच लावून घासायची. लोखंडाला कशाला चिंच, असं कुणी विचारायचं नाही. मग पाटावर लाल कापड, झेंडूची फुलं आणि प्रत्येक वजनाला हळदकुंकवाचं बोट. पुढची खोली अशी भरून जायची की जेवायला आम्ही मोरीजवळ बसत असू. आईचा एक नेम होता. मांडलेली पूजा दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत सुनी ठेवायची नाही. दसऱ्याला दुपारी प्रयोग असला तर बाबा सकाळी आरती करून अवजारं उचलत, पण एखादं जुनं, कामातून गेलेलं अवजार पाटावर मागे राहत असे. बहुतेक वेळा तो मान दांडा मोडलेल्या रंध्याला मिळायचा.

त्या वर्षी तो रंधा गावाला गेला होता. सेट लावायच्या कामातले बाबांचे जोडीदार नाना घर दुरुस्तीला गावी गेले आणि जाताना तो घेऊन गेले, दांडा बसवून वापरतो म्हणाले. नाना नाहीत म्हणून दसऱ्याच्या प्रयोगाला मदतीला मी जायचं ठरलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं. सकाळपासून काळ्या वाटाण्याच्या आमटीचा वास घरभर सुटला होता, आई वडे तळत होती आणि काकडीचं धोंडास पातेल्यात निवत होतं. बाबा खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते. मी वजनं दोन-दोन करून जिन्यावरून उतरवत होते आणि मनातल्या मनात सणाला शिव्या देत होते.

"सगळीच नेतस काय गो?" आईने चुलीपाशी बसूनच विचारलं.

"मग? सेट काय हवेवर उभा राहणार?"

"पूजा सुनी ठेवची नाय. कायतरी एक ठेव. रंधो नाय तर दुसरा कायतरी."

मी पाटाकडे पाहिलं. हातोडी लागणार होती, करवत लागणार होती, दोरी तर लागणारच होती. शेवटच्या जोडीतलं एक वजन मी उचललं होतं, दुसरं लाल कापडावर झेंडूखाली बसलं होतं. माझे हात भरून आले होते. अठरातलं एक, असं मी मनाशी म्हटलं, एकाने काय होतंय! ते मी तिथेच ठेवलं, वर आणखी एक फूल ठेवलं आणि आईला म्हटलं, "घे, तुझी पूजा." आई खूश झाली. तिला वाटलं, ते जास्तीचं असणार. वजनांचा हिशोब तिच्या डोक्यात कशाला असेल? तो माझ्या डोक्यात होता.

प्रयोग घाटकोपरला एका मंडळाच्या सभागृहात होता, दुपारी चार वाजता. टेम्पो रस्त्यात अडकला. जो तो गाडीला हार घालून रस्त्यावर आलेला, आणि आमच्यापुढे झेंडूने मढवलेला एक ट्रक बंद पडलेला. पोचलो तेव्हा प्रेक्षक दारात जमायला लागले होते. बाबांनी आणि हॉलच्या दोन माणसांनी फ्लॅट उभे केले, बाबा गाठी मारत पुढे गेले आणि त्यांच्या मागून मी वजनं ठेवत गेले. शेवटच्या टेकूपाशी आले तेव्हा हातात एकच वजन होतं. हा टेकू दाराच्या भिंतीचा होता. सबंध सेटमध्ये खरोखरीचं लाकडी दार तेवढं एकच होतं, आणि नाटकात थोरला मुलगा रागाने ते आपटून जायचा. त्या आपटण्यावर टाळ्या पडत. मी एक वजन ठेवलं, पायाने दाबून पाहिलं. हललं नाही.

दुसरी घंटा झाली. बाबा पलीकडच्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूच्या आडोशाला, एक फ्लॅट सरळ करत होते. त्यांची फेरी व्हायची होती. मॅनेजर घड्याळ दाखवत होते, "अहो, पब्लिक बसलंय, वाट लावाल माझी!" बाबांनी तिथूनच माझ्याकडे पाहिलं.

"कुंदा, सगळी लागली?"

"लागली, बाबा."

हे खोटं नव्हतं, अशी समजूत मी त्या क्षणी घालून घेतली. आणलेली सगळी लागली होती. बाबांनी मान हलवली आणि पडद्याच्या माणसाला हात केला. त्यांनी फेरी मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना फेरी न मारता सेट सोडताना पाहिलं, आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. बाबांनी माझा शब्द मानला म्हणून माझी मान ताठ झाली. हे लिहिताना आजसुद्धा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्या अंकाचा मध्य. दाराच्या भिंतीला लागून आरामखुर्ची होती आणि तिच्यात आईचं काम करणाऱ्या वयस्क नटी बसल्या होत्या. सगळं युनिट त्यांना मावशी म्हणायचं. थोरला मुलगा ओरडला आणि दार आपटून बाहेर आला. टाळ्या पडल्या. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की टेकूचा पाय फळीवरून सरकला. आवाज नाही, काही नाही. वजन उलटं होऊन बाजूला लोळलं आणि अख्खी भिंत, चौकटीसकट, दारासकट, हळूच मावशींच्या डोक्याकडे झुकायला लागली. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. हात हलेनात. मी उभी होते, फक्त उभी होते.

बाबा कुठून आले ते मला कळलं नाही. ते टेकूच्या पायावर धाडकन बसले, भिंतीला बांधलेली पण टेकूवरून सुटलेली दोरी त्यांनी उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि मागे रेलले. भिंत थांबली. तिकडे मावशी शांतपणे बोलत होत्या, त्यांना काही पत्ता नव्हता. प्रेक्षक हसत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि मग नजरेने त्या एकट्या वजनाकडे पाहिलं. एकदाच. मग पुन्हा भिंतीकडे.

त्या अंकात ते दार आणखी दोनदा आपटायचं होतं. मला नाटक पाठ होतं, बाबांनाही पाठ होतं. दार आपटायच्या आधीच्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. दार आपटलं, दोरी ताणली गेली आणि त्यांच्या खांद्यातून आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा. मी तोंडावर हात दाबला. बाबांच्या चेहऱ्यावरून घाम निथळत होता, पण तोंडातून हूं की चूं नाही, कारण कापडापलीकडे दोन हातांवर नाटक चाललं होतं. माझे पाय तेव्हा कुठे सुटले. मी जाऊन त्यांच्या शेजारी टेकूवर बसले, दोन्ही हातांनी दोरी धरली. दार तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडदा पडेपर्यंत त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर नुसता पडून होता, आणि तो हात त्यांचा आहे असं वाटत नव्हतं.

मध्यंतराचा पडदा पडताच मॅनेजर धावत आले. "कोणी लावलं हे? एकच वजन? कोणी लावलं?"

"मी," बाबा म्हणाले.

मी चमकून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅनेजर कपाळावर हात मारून घेत होते, "तुम्ही? तुम्ही?" 'मी लावलं' हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते आणि मी ते गिळले. भिंत झुकल्याच्या धक्क्यापेक्षा हा मोठा होता. आपण इतक्या भेकड आहोत, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आता दुसऱ्या अंकाला भार काय ठेवणार? कँटीनवाल्याने बटाटेवड्यांसाठी आणलेली बटाट्याची गोण दिली. कुणाला हसू आलं नाही. गोण टेकूवर ठेवली, बाबांनी डाव्या हाताने ती दाबून पाहिली, दोरी मला पुन्हा बांधायला लावली, ती चाचपली. मग मॅनेजरनी त्यांना रिक्षात घातलं. मीही चढायला लागले तर ते म्हणाले, "तू हय रव. गोणीर हात ठेव. पडदो पडापर्यंत काढू नको." सबंध दुसरा अंक मी बटाट्यांवर तळहात ठेवून बसले होते. पुढे लोक पोट धरून हसत होते. मला बटाट्यांना लागलेल्या मातीचा वास येत होता आणि रडूही येत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा माझ्या आधी आले होते. खांदा सांध्यातून निखळला होता, आतलं काहीतरी फाटलंही होतं. डॉक्टरांनी हात छातीशी बांधून दिला होता. ते पूजेसमोर भिंतीला टेकून बसले होते. आई घाबरून त्यांच्याभोवती फिरत होती, पण तिच्या मनात देवाचे आभारच होते. "जीवार बेतला ता हातार गेला," ती म्हणाली. "मी तरी पूजा सुनी ठेवूक नाय. कुंदान एक वजन ठेवल्यान ना! म्हणान देवान राखल्यान."

बाबा वजनाकडे बघत होते. घरी आल्यापासून ते वजनाकडेच बघत असणार. आईचं वाक्य संपलं, आणि तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाटाकडे. तिच्या हातातलं आपट्याच्या पानांचं ताट डुचमळलं. "अगे बाय माझे," एवढंच ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"मी ठेवलं," मी म्हटलं. "आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं." एवढं बोलल्यावर मात्र मला हुंदका आवरेना. मी वाट पाहत होते त्यांच्या ओरडण्याची. त्यांनी मारलं असतं तर मी पाय धरले असते आणि मोकळी झाले असते.

"चूक माझी," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मी इचारलंय. हात लावूक नाय."

मग त्यांनी ताटातलं एक आपट्याचं पान डाव्या हाताने उचललं आणि त्या वजनावर ठेवलं. एक माझ्या हातात दिलं. त्या रात्री काळ्या वाटाण्याची आमटी कुणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी आईने ती शेजारी वाटली, आणि पुढे कित्येक वर्षं दसऱ्याला ती केली नाही. दुसऱ्याच सकाळी मी मॅनेजरच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून आले. ते म्हणाले, "मला माहीत होतं गं. तुझा बाप एक वजन लावून दुसरं विसरेल होय?"

दोन-अडीच महिन्यांनी बाबा पुन्हा कामाला निघाले. हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि पुढेही कधी गेला नाही. शेवटपर्यंत ते डाव्या हाताने भांग पाडत. प्रयोग बोरिवलीला होता आणि नाना गावाहून परत आले होते, त्यामुळे माझी काही गरज नव्हती. तरी बाबा चप्पल घालता घालता म्हणाले, "कुंदा येतली." मला वाटलं, मी एकटी झुरत बसेन म्हणून मला घरी ठेवायला ते घाबरत असतील. बरोबर न्यायला घाबरत असतील असंही वाटलं. सेटवर अठरा वजनं मीच लावली. दोन-दोन, दोन-दोन, आणि मोजून पुन्हा मोजली. बाबा आले आणि विचारलं, "सगळी?"

"सगळी."

या वेळी त्यांनी फेरी मारली. माझ्यासमोर, एकेका वजनाला वाकून, डावा हात लावून. एक, दोन, तीन. मी खाली मान घालून ऐकत होते आणि दर आकड्याला वाटत होतं की यांचा आता माझ्यावर कधीही विश्वास बसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. अठरा झाले. ते सरळ झाले, धोतराला हात पुसला आणि दाराच्या भिंतीकडे बोट केलं. त्या टेकूच्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या होत्या, हट्टाने, नानांना बाजूला करून.

"आता माझ्यो बघ," ते म्हणाले.

मला कळेना. "तुमच्या? तुम्ही बांधलेल्या गाठी मी बघायच्या?"

"हात लाव. माझ्यार पण इस्वास ठेवू नको, चेडवा."

जन्मात कुणी बाबांची गाठ तपासली नव्हती. नानासुद्धा काम थांबवून बघत राहिले. मी पुढे झाले, वरची गाठ चाचपली. घट्ट होती. मग खालच्या गाठीला बोट लावलं.

खालची गाठ सैल होती.

मी वर पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. गाठ त्यांनी मुद्दाम सैल ठेवली होती की अधू हाताला ती ओढता आली नव्हती, ते मी कधीच विचारलं नाही. त्यांनी डाव्या हाताने दोरीचं टोक धरलं, मी ती गाठ सोडून पुन्हा बांधली, आणि ती बांधून झाल्यावर त्यांनी तिला हात लावला.